बुधवारी चपला काढून बसणारी बाई

आधीच सांगून ठेवते, हसायचं असेल तर शेवटी हसा. कारण ज्या गाढवपणाबद्दल मी सांगणार आहे ना, त्यात जपानमधलं एक गाव मला शोधायला डोंगरावर धावलं होतं, आणि मी तिथून वीस पावलांवर डोळे मिटून, हात जोडून उभी होते!

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतून एक तरी मुलगा कॉम्प्युटरच्या कामाला टोकियोला निघाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सोसायटीतून मिलिंद निघाला आणि त्याच्या सामानात मी. तो सकाळी सातला जायचा. परत यायचा तेव्हा नुसती बॅग आणि टाय घरी यायचे, माणूस ऑफिसातच. मी दिवसभर दोन खोल्यांत. कचरा चार पिशव्यांत वेगळा करायचा, हा दिवसाचा मुख्य कार्यक्रम! शेजारीण आठ महिन्यांत एकदाच बोलली, तेही मी बाटलीचं झाकण चुकीच्या पिशवीत टाकलं म्हणून.

खरं सांगू? मी आतून विझत चालले होते. पण फोनवर सासरी-माहेरी "मस्त चाललंय" म्हणायची रीत असते, ती मी नेमाने पाळत होते.

एका रविवारी मिलिंदच्या ऑफिसमधल्या लोकांनी आम्हाला डोंगरावर नेलं. ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनातून बस, आणि बस संपते तिथे गाव. चाळीसेक घरं, अंगणात केशरी फळांनी वाकलेली झाडं, एक किराणा दुकान, आणि मागे धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर. गावातून वर तीन पायवाटा जातात. आणि काय सांगू तुम्हाला, पायवाटेवर समोरून येणारा प्रत्येक माणूस मला म्हणाला, "कोन्निचिवा!"

म्हणजे नमस्कार. मला! मी चक्क मोजले. त्रेसष्ट! माझ्या लग्नातसुद्धा इतक्या लोकांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, सगळे जेवणाच्या रांगेत होते.

"अगं, डोंगरावर भेटेल त्याला नमस्कार करायची पद्धत आहे इथे," मिलिंद म्हणाला. "सगळे सगळ्यांनाच करतात."

असेना का पद्धत! भुकेल्याच्या पानात कोणी भाकरी वाढली, तर तो काय पद्धत विचारत बसतो?

झालं. मी दर बुधवारी एकटीच तिथे जायला लागले. डोंगर चढायला नाही हं, नमस्कार गोळा करायला! कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाक होता. शेजारी मोठा पांढरा बोर्ड, त्यावर जपानी अक्षरं आणि खाली फोन नंबर. समोर दरी. जाणारा आणि येणारा दोघेही तिथूनच जायचे, म्हणजे एका माणसाचे दोन नमस्कार. मी चपला काढायचे, जपान्यांकडे बघून शिकले होते तशा नीट जोडून ठेवायचे, बाकावर मांडी घालून बसायचे आणि आईला पत्र लिहायचे. लिहिता लिहिता रडू यायचं. मी येऊ द्यायचे.

तिसऱ्या बुधवारी चमत्कार झाला. किराणा दुकानाच्या मालकीणबाई, हारु-सान, सत्तरीच्या असतील, थर्मास घेऊन धापा टाकत वर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. माझं जपानी तेवढ्यापुरतं होतं.

"नाही."

"झोप येते का रात्री?"

"नाही हो फारशी."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मी बसमध्ये चढेपर्यंत सोडला नाही. किती मायाळू बाई!

पुढच्या बुधवारी एक आजोबा भाजलेलं रताळं घेऊन आले. त्याच्या पुढच्या बुधवारी दोन बायका, बरोबर पिशवीभर फळं. मग आले ओनो-सान, निवृत्त शाळामास्तर. त्यांना इंग्रजी येत होतं. ते सहज म्हणून फिरायला आले होते, असं ते म्हणाले.

"रेबाती-सान," मास्तर म्हणाले. मी रेवती, पण त्यांच्या तोंडात रेबाती. "घरी कोण असतं?"

"नवरा. म्हणजे, असतो असं म्हणायचं."

"पुढे काही होणार आहे, ज्याची वाट बघावीशी वाटते?"

मी विचार केला. "पुढचा बुधवार."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग पुढच्या बुधवारी यायचं हं. नक्की? वचन द्या!" करंगळीत करंगळी अडकवून वचन घेतलं हो त्यांनी! मी मनात म्हटलं, वा रेवती, काय छाप पडलीय तुझी!

मग मी काय गप्प बसते? मिलिंदला ऐकवलं, "माझे दहा मित्र आहेत इथे. तुझे किती?" त्या बोर्डाखाली उभी राहून, दोन बोटं वर करून, हसत फोटो काढून घेतला. मिलिंदला दाखवला तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "छान." मग तो पुण्याला सासूबाईंना पाठवला. "अहो आई, अख्खं गाव ओळखतं मला," असं फोनवर सांगितलंसुद्धा. त्यांनी फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला दाखवला.

आता तो बुधवार. धुकं इतकं, की दरी दिसतच नव्हती. त्या दिवशी माझं मन फार खराब होतं. पत्र लिहून झालं, ते वाऱ्याने उडू नये म्हणून चपलांशेजारी ठेवून वर दगड ठेवला. बाकाच्या मागे झाडीत एक छोटं देऊळ होतं, गुडघ्याएवढं. म्हटलं, पाया पडून येऊ. देवाकडे चपला घालून कोण जातं? अनवाणीच गेले, खडीसाखरेचा खडा ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिले. देवाशी बोलायचं पुष्कळ साचलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे, आरडाओरडा ऐकू आला. मग मेगाफोन. मला वाटलं, कोणीतरी हरवलं वाटतं, बिचारं! मग नीट ऐकलं.

"रेबाती-साआआन!"

मी झाडीतून बाहेर आले. नऊ माणसं कड्याच्या टोकाशी उभी राहून दरीत हाका मारत होती. हारु-सान माझ्या चपला छातीशी धरून खाली बसून रडत होत्या.

"काय झालं?" मी मागून विचारलं.

ज्याच्या हातात मेगाफोन होता तो मेगाफोनमधूनच किंचाळला.

मग ओनो-सान मला बोर्डापाशी घेऊन गेले आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. "थांबा. तुमचं आयुष्य मोलाचं आहे. जाण्याआधी एकदा आमच्याशी बोला."

"आमच्याकडे," मास्तर हळूच म्हणाले, "जीव द्यायला निघालेला माणूस चपला अशाच काढून ठेवतो. शेजारी चिठ्ठी."

मी चपलांकडे बघितलं. पत्राकडे बघितलं. आणि मला पहिल्यांदा कोण आठवलं सांगू? सासूबाई! "जीव देऊ नका" या पाटीखाली त्यांची सून दोन बोटं वर करून हसतेय, आणि निम्मं कोथरूड तिचं कौतुक करून गेलंय!

"म्हणजे तुम्ही सगळे…"

"दर बुधवारी कोणी वर जायचं, ते ठरवून घेतलं होतं आम्ही," ते म्हणाले. दुकानातल्या कॅलेंडरवर नावं लिहिली होती म्हणे. माझे दहा मित्र! सगळे ड्यूटीवर!

"चिठ्ठीत काय आहे?" हारु-साननी विचारलं. मराठी कोणाला वाचता येणार?

"काही नाही हो! आईकडे मसाला मागितलाय. गोडा मसाला, कुरडया, मेतकूट, आणि…"

आणि शेवटची ओळ. "आई, इथे मी असले काय नि नसले काय, कोणाच्या लक्षातही येत नाही."

ही ओळ कोणासमोर वाचू? नऊ माणसं, एक मेगाफोन आणि माझ्या चपला धरून बसलेली म्हातारी!

"ठीक आहेस ना?" हारु-साननी विचारलं. आठ महिने या प्रश्नाला मी सगळ्यांना "हो" म्हणत आले होते. त्या दिवशी "नाही" म्हणाले, आणि इतकी रडले की मेगाफोनवाल्यालाही रडू आलं.

मिलिंदचा नंबर मास्तरांनी माझ्याकडून मागेच घेऊन ठेवला होता, त्याला फोन केलाच होता. दोनेक तासांनी तो टाय उडवत बसस्टॉपवरून धावत वर आला. कामाच्या दिवशी उजेडात मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. त्याला वाचता येत होतं.

"तू मला फोटो दाखवत होतीस, तो या बोर्डाखालचा?"

"हो."

"मी बघितलाच नव्हता गं फोटो," तो म्हणाला आणि बाकावर बसला. त्यानेही बूट काढले, तसे चारजण एकदम पुढे धावले!

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले. बाकावर कोणी नाही. बरोबरच आहे, धोका टळला होता, ड्यूटी संपली होती. तासभर बसले. थर्मास नाही, रताळं नाही. मग मी काय केलं? लाज वाटते सांगायला. मी चपला काढल्या, अगदी नीट जोडून कड्याच्या बाजूला ठेवल्या, शेजारी एक कोरा कागद, वर दगड. आणि झाडामागे लपले!

दोन गिर्यारोहक आले. चपलांकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, मान डोलावली आणि निघून गेले. त्यानंतर एक आजी आल्या. त्यांनीही तेच केलं! गाव आहे की काय हे? इथे बाईचा जीव गेला तरी चालतो?

मग हारु-सान आल्या, थर्मास घेऊन, थेट माझ्या झाडापाशी.

"ये बाहेर. आज माझी ड्यूटी नाही, चहा प्यायला आलेय."

बोर्डाखाली एक नवा कागद लावला होता, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांनी बोट ठेवून हळूहळू वाचून दाखवला. "बुधवारी इथे चपला काढून बसणारी भारतीय बाई ठीक आहे. घाबरू नये. वेळ असल्यास थोडं बोलावं."

त्या कागदाखाली उभी राहून मी पुन्हा फोटो काढून घेतला आणि सासूबाईंना पाठवला. म्हटलं, आधीचा उतरवा आणि हा लावा.