ज्योतीरामाच्या काखेतले ठिपके

ज्योतीराम थेरगावचा, कामाला पिंपरीच्या कंपनीत. एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. गडी मशीनपाशी उभा, पण जीव घरी, कारण घरी धाकटा भाऊ भिमाजी होता. भिमाजीच्या अंगभर मऊ मऊ गाठी, म्हणून त्याला कुणी पोरगी देईना. तो म्हशी राखायचा आणि वहिनीला, कुसुमला, पोट दुखेस्तोवर हसवायचा. सेकंड शिफ्टला मशीनच्या घरघरीतसुद्धा ज्योतीरामाला तिचं हसू ऐकू यायचं. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं राव, आग ती आगच!

त्यात पोरगी झाली, इंद्रायणी. तिच्या पाठीपोटावर दुधाच्या चहाचे शिंतोडे उडावेत तसे डाग. तसलेच डाग भिमाजीच्या पाठीवर! ज्योतीराम घडीत पोरीची पाठ बघायचा, घडीत भावाची.

पोर वर्षाची झाली तसे डागही वाढले. आळीतल्या बायका म्हणाल्या, महारोग. कुसुम घाबरून चिंचवडला डॉक्टर अरुंधतीबाईंकडे निघाली. ज्योतीराम रजा टाकून मागोमाग. त्याला ऐकायचं होतं ते वेगळंच.

बाईंनी डाग मोजले, पोरीचे डोळे पाहिले, कण्यावरून हात फिरवला. "महारोग नाही. एकाचा दुसऱ्याला लागणाराही नाही. नसांवर गाठी येणारा आजार आहे हा, न्यूरोफायब्रोमॅटोसिस. घरात कुणाला आहे?"

"दिराला हाय जी. गाठी बी हायेत."

"दिराचं नंतर. बऱ्याचदा आईबापाकडून येतो हा."

कुसुमकडे बघत, शब्द चावत ज्योतीराम म्हणाला, "माझ्या अंगावर येक गाठ न्हाई, बाई."

"सदरा काढा. हात वर करा."

लाजत लाजत त्यानं हात वर केला. काखेत तीळ सांडावेत तसे बारीक ठिपके. कमरेवर दोन-चार फिकट डाग, ज्यांना तो जन्मभर लास, म्हणजे जन्मखूण, म्हणत आलेला.

"ही बघा खूण," बाई म्हणाल्या. "एकाच घरात एकाचं अंग गाठींनी भरतं, दुसऱ्याला नुसते काखेत ठिपके. पोरीला तुमच्याकडूनच आलंय. दर वर्षी तिचे डोळे दाखवा. गाठ आली, दुखली, तर लगेच या."

आजार निघाला म्हणून हरखलेला माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल. "म्हंजी पोर माझीच!"

पोरीला झबलं घालता घालता कुसुमचा हात थांबला. "मंग? कुणाची वाटली व्हती?"

ज्योतीरामाचा हात अजून वरच होता.

थेरगावापर्यंत ती पुढं, हा मागं. दारात भिमाजी वाट बघत उभा. "वैनी, काय म्हणली डाक्टरीण?"

कुसुमनं इंद्रायणीला नवऱ्याच्या हातात दिलं. "तुमच्या भावाला इचारा, भावजी. त्येंना आज समदं समजलंय."

आणि ती चुलीकडं गेली. पोरीला छातीशी धरून ज्योतीराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भावाच्या तोंडाकडं बघवेना.