लाँड्रीतल्या ऐरणीचं वय

चष्मेकाकांचं निम्मं आयुष्य जमिनीवर रांगण्यात गेलं. चष्म्याच्या काडीचा स्क्रू निसटला की दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा पाय वर घेऊन बसत. दुकान सुनेच्या हाती सोपवल्यावर त्यांनी जाहीर केलं, की यापुढे पडली तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशाच वस्तूंशी संबंध ठेवायचा. आणि ते लोहारकाम शिकले. परसात भट्टी झाली, हातोडे आले. अडलं ते ऐरणीपाशी.

ती सापडली चार गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत. तिथल्या बाईंनी ती दाराला टेकू म्हणून ठेवली होती. गिऱ्हाईक आलंय म्हटल्यावर त्यांना एकदम तिचं वय आठवलं. नऊशे वर्षांची आहे, त्यांनी बजावलं. पुरावा कुशीवरच कोरलेला होता : साल अकराशे चोवीस. कोपऱ्यात घड्या घालत बसलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली, जणू ती घडवताना ते हजर होते.

काका वाद न घालता कामाला लागले. आधी छोट्या हातोडीनं जागोजागी ठोकून कान लावला. आत चीर असेल तर आवाज भद्द येतो. ही घंटेसारखी खणखणली. मग खिशातून बेअरिंगची पोलादी गोळी काढून हातभर उंचीवरून सोडली. माथा चांगला कडक असेल तर गोळी जवळजवळ तेवढीच वर येते. ती अशी झकास उसळली की थेट मळक्या कपड्यांच्या ढिगात गेली. काका खूश झाले आणि सवयीनं गुडघ्यांवर आले. पाऊण तास शर्ट झटकल्यावर गोळी एका पायमोज्यात मिळाली.

शेवटी त्यांनी कुशीवर खडूची पूड चोळली. झिजलेल्या खाचांत पांढरं भरलं, आणि आकड्यांच्या मधली टिंबं दिसली. एक, टिंब, एक, टिंब, चोवीस.

“बाई, हे साल नाही. हे वजन आहे तिचं.”

“स्वतःचं वजन अंगावर कोण लिहून घेईल?”

काकांनी समजावलं. पहिला आकडा जुन्या मोठ्या विलायती मापाचा, एकशे बारा पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव हिश्श्याचा, तिसरा सुट्या पौंडांचा. सगळे मिळून चौऱ्याहत्तर किलोंच्या जरा वर. सासरे म्हणाले, नऊशे वर्षांत वजन थोडं कमीजास्त झालंच असणार. लाँड्रीत कपडे तोलायचा मोठा काटा होताच. तिघांनी कण्हत ऐरण त्यावर चढवली. काटा चौऱ्याहत्तरच्या किंचित पुढे थांबला.

मग काकांनी तिचा घाट, माथ्यावरचं चौकोनी भोक आणि त्याशेजारचं छोटं गोल भोक पाहिलं. फार जुन्या ऐरणींना हे गोल भोक नसतं. दीडेकशे वर्षं, त्यांनी अंदाज सांगितला. बाईंचा चेहरा पडला. साडेसातशे वर्षं एका दुपारी गेली होती.

“पण बाई, ही टिंबं तुम्हाला दिसली कशी नाहीत?”

“कुठली टिंबं?”

काकांनी त्यांना दारात उभं केलं आणि समोरच्या फळीवरच्या गाठोड्यांचे नंबर वाचायला लावले. नऊ आणि एक त्यांना एकसारखेच दिसत होते. सासरे हळूच म्हणाले, म्हणूनच तालमीतल्या पैलवानाचा लंगोट गेल्या महिन्यात बालवाडीच्या बाईंकडे गेला.

सौदा ठरला. ऐरण रास्त भावात काकांना, आणि वर बाईंना चष्मा. चष्मा लावून बाईंनी पहिल्यांदा दुकानाकडे नीट पाहिलं आणि दोन दिवस ते बंद ठेवून घासून काढलं.

परसात ऐरण ओंडक्यावर बसली. चार दिवस खपून काकांनी काहीबाही टांगायला एक आकडा घडवला आणि भिंतीवर ठोकला. काकूंनी त्यावर भाजीची पिशवी अडकवली. आकडा सावकाश सरळ झाला आणि पिशवी खाली आली. काकूंनी बटाटे गोळा केले, मग आकडा उपटून काकांच्या हातात ठेवला आणि भट्टीला वारा घालायला बसल्या.