गोरव्याचे कान

माझ्या सर्वांत गाजलेल्या संशोधनातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही.

मी बडोद्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कानाचा डॉक्टर आहे. शहराच्या गोरवा भागातल्या कारखान्यांतल्या कामगारांना हळूहळू कमी ऐकू येतं, त्यावरचा तो लेख. काम सगळं माझ्या एका विद्यार्थिनीचं, जी पुढे आमच्याच विभागात शिकवू लागली. पाळी सुटली की ती यंत्र घेऊन फाटकाशी उभी राहायची. कामगार चेष्टा करायचे, ‘बेन, घरवाळीचं ऐकू येणार नाही असं काही करा ने.’ ती हसत हसत त्यांचे कान तपासायची. मी गोरव्याला एकदाच गेलो होतो, गाडीचा सायलेन्सर बदलायला.

लेख तयार झाल्यावर मी तिला म्हणालो, “अगं, माझं नाव पहिलं असलं की लोक वाचतात. तुझं अख्खं आयुष्य पडलंय.”

“बरं, सर,” ती म्हणाली. ते ‘बरं’ मी आनंदाने संमती समजलो. दुसरं नाव विभागप्रमुखांचं, कारण खोली त्यांची होती. तिसरं सुरतेच्या मित्राचं, कारण त्याने आपल्या मुतखड्यावरच्या लेखात माझं नाव घातलं होतं. तिचं शेवटी.

आमच्याकडे लग्नात चांदलो देतात. पाकिटात जेवढं घातलं तेवढं त्यांनी आपल्या घरच्या कार्यात परत करायचं. आम्ही संदर्भांचंही तसंच करायचो. सुरतेच्या मित्राने माझ्या लेखाचा उल्लेख करायचा, मी त्याच्या. कानांवर लिहिताना मुतखडा आणणं सोपं नसतं, पण प्रस्तावनेत ‘औद्योगिक शहरांतील आरोग्य’ असं म्हटलं की मूत्रपिंडही आत शिरतं. माझ्या उल्लेखांचा आकडा वाढत गेला. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तो फोनवर बघायचो.

“अहो, वाचतं का कुणी?” बायकोने एकदा विचारलं.

“उल्लेख करतात.”

“चांदलो देणारे सगळे जेवायला थांबतात थोडेच,” ती म्हणाली आणि भाजी ढवळू लागली.

मग तिच्या, म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या, बढतीची मुलाखत आली. पहिलं नाव असलेला लेख हवा होता. समितीत मीही होतो. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, “स्वतःचं असं काम कुठलं?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिलो. तिची बढती राहिली. त्याच महिन्यात महाविद्यालयाने माझा सत्कार केला, त्या लेखासाठी. शाल तिनेच आणून दिली. विभागातली कनिष्ठ तीच होती.

ती शाल मी आजवर पांघरलेली नाही. त्याने तिचं काही भलं झालं नाही, हेही मला ठाऊक आहे.

यंदा मुलाखती पुन्हा लागल्या, तेव्हा मी नियतकालिकाला कळवलं की पहिलं नाव तिचं करा आणि माझं काढा. त्यांना सगळ्या लेखकांची संमती हवी होती. विभागप्रमुख चकित झाले. “आपेलो चांदलो कोई पाछो मागे, भाई?” म्हणजे दिलेला चांदलो कुणी परत मागतं का? सही मात्र केली. सुरतेच्या मित्राला आपण त्या लेखात आहोत हेच आठवेना.

दुरुस्ती छापून आली. माफी राहिली होती. सवय नसल्यामुळे मी कान तपासायच्या बंद खोलीत जाऊन सराव केला. तिथे बाहेरचा आवाज येत नाही. माझे शब्द मलाच परक्यासारखे वाटले.

बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर मी तिच्यासमोर रुग्णाच्या स्टुलावर बसलो. “लेखकांच्या क्रमाबाबत जी काही त्रुटी राहून गेली…”

“सर, ते जर्नलला लिहिलंत तसं झालं,” ती म्हणाली. “मला साधं सांगा.”

तिने पेन खाली ठेवलं. आता पाण्याचा ग्लासही जवळ नव्हता.

“काम तुझं होतं,” मी म्हणालो. “मी ते माझ्या नावावर घेतलं. समितीसमोर तू माझ्याकडे पाहिलंस, मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तुझी बढती माझ्यामुळे गेली. मला माफ कर.”