बाईंचा प्रश्न

डॉक्टर सुशीलाबाई तो प्रश्न अशा आवाजात विचारायच्या, जसं आपण शेजारणीला विचारतो, जेवण झालं काय. "तुले मरून जावं असं वाटते काय?" समोर अठरा-वीस वर्षांचं पोर खाली मान घालून बसलेलं असायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाण्याचा तांब्या तिथंच ठेवून बाहेर निघून आले. आमच्या घरी कोणी चुकून मरणाचं नाव काढलं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

बाईंचा दवाखाना शहरात, धंतोलीत होता, मनाच्या आजारांचा. लोक रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडायचे आणि इकडेतिकडे बघत चालत यायचे. मी तिथं बारा वर्षं मावशी होते. झाडलोट करायची, पाणी द्यायचं, नंबराप्रमाणे माणसं आत सोडायची. बाई आता नाहीत. त्यांच्याबद्दल बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

पेशंट आत आला की बाई आधी नातेवाइकांना बाहेर काढायच्या. एकदा एक बाप अडून बसला, म्हणाला, माझा पोरगा माझ्यापासून काही लपवत नाही. बाई म्हणाल्या, "मग बाहेर बसायले काहून भेता, भाऊ?" तो उठला. पोरानं "हो, वाटते" म्हटलं तरी बाई दचकायच्या नाहीत. कसं, कधी, काही जमवून ठेवलं काय, घरी जवळ कोण असते, एकेक विचारत जायच्या, घाई नाही. मग आईबापांना बोलावून घरातून काय काढून टाकायचं आणि पोराजवळ कोणी बसायचं, ते कागदावर लिहून द्यायच्या.

नलू कोराडीची. वडील वीजकेंद्रात होते, घर तिथल्याच कॉलनीत. एकोणीस वर्षांची पोर, ठरलेली सोयरीक मोडली होती आणि कॉलेजही सुटलं होतं. कितीक दिवस बाकावर बसून ती एक निळा स्वेटर विणायची, बोलायची नाही. एका गुरुवारी मात्र हसत आली. आत बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर नाही म्हणाली, आता बरं वाटते. बाईंनी पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. जाताना तिनं तो अर्धा स्वेटर सुयांसकट माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्हीच पुरा करा, मावशी. मले आता नाही लागत."

मला इतका आनंद झाला. मला कोणी कधी असं काही दिलं नव्हतं. मी लगेच विणायला घेतला.

तासाभरानं बाई चहाला बाहेर आल्या. कोणाचा गं हा, म्हणाल्या. मी कौतुकानं सगळं सांगितलं, तिचे शब्दसुद्धा. बाईंनी कप तसाच खाली ठेवला. "आणि मी तिले पंधरा दिवसांनी बोलावलं," एवढंच म्हणाल्या. बाकावरच्या लोकांना थांबायला सांगून त्यांनी मला गाडीत बसवलं. कोराडीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागे एक. मरायचं ठरवून टाकलं की माणूस कधी असा हसतो, आपल्या वस्तू देऊन टाकतो, हे बाईंनी वाटेत सांगितलं. मी रडायला लागले. मला कळायला हवं होतं, असं काहीतरी म्हणत होते. बाई समोर बघत म्हणाल्या, "कळायले मले पाहिजे होतं. तू रडू नको, तिच्या केसपेपरवरचा घराचा नंबर वाच."

दार आईनं उघडलं. खुशीत होती. नलू आज लई शहाणी झाली, आपली पेटी आवरून राहिली, म्हणाली. बाई तशाच आत गेल्या आणि पेटीशेजारी फरशीवर बसल्या.

"नलू, सकाळी तू नाही म्हणाली. मी परत विचारते. मरून जावं असं वाटते काय?"

आई मधे पडली. "असं अभद्र काहून बोलता बाई? तुम्हीच तिच्या डोक्यात घालून राहिल्या."

"विचारल्यानं ते येत नाही, माय. आलेलं असलं तर सांगाले जागा भेटते."

नलूनं पेटीतले वरचे कपडे बाजूला काढले. मग म्हणाली, "उद्या. आईबाबा लग्नाले जाणार होते." पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिनं बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते न उघडता पर्समध्ये टाकलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. बाईंनी तिचा हात धरला आणि सांगितलं, लग्नाला कोणी जायचं नाही, हिला क्षणभर एकटं सोडायचं नाही, उद्या सकाळी घेऊन या.

मग नलू काही दिवस रोज आली, नंतर आठवड्याला. स्वेटर परत देऊन टाकू काय, मी बाईंना विचारलं. "देऊ नको. तिच्यासमोर विणत राहा. तिले लागला तर मागन." म्हणून मी विणत राहिले. महिना गेला. नलू भिंतीकडे बघायची. बाई दर वेळी विचारायच्या, आणि उत्तर कधी "हो" असायचं, कधी "थोडं".

मग एका गुरुवारी बाकावर बसल्या बसल्या ती माझ्या हाताकडे बघायला लागली. कपाळाला आठी.

"मावशी, इतकं घट्ट विणते काय कोणी? माणसाचा हात तरी जाईन काय त्याच्यात?"

आणि माझ्या हातातून स्वेटर ओढून तिनं माझी महिन्याभराची वीण तिथंच उसवायला घेतली. मी लोकर गुंडाळत बसले. बाई दारात आल्या होत्या. मला वाटलं, आज तरी नाही विचारणार.

"नलू, मरून जावं असं वाटते काय?"

नलूनं वरही पाहिलं नाही. "आज नाही, बाई. आज हे सगळं उसवाचं आहे."