फातिमामावशी आणि बुटाची नाडी

आमच्या वॉर्डातल्या फातिमामावशी नव्या पोरीचं तोंड आधी बघायच्याच नाहीत. नजर थेट पायांकडे. मी नर्सिंग शिकायला पेठ वडगावहून कोल्हापूरला आलेली आणि मावशी दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या आया. माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "काय गं, गवताचा भारा बांधलायस व्हय?"

बांधलाच होता की! जन्मात कधी बूट घातला नव्हता. अनवाणी रानात फिरून पंजा पसरलेला, टाच मात्र बारीक. चालताना ती निसटायची, म्हणून मी गुडघा टेकवून नाडी करकचून आवळायची. संध्याकाळी बोटांना फोड. तिसऱ्या आठवड्यात मी हरले आणि वडिलांना पत्र टाकलं, "आबा, पाय फार दुखतात, मला न्यायला या." घरी परतणं म्हणजे दिवाळीच्या आत लग्न, हे ठाऊक असूनही टाकलं.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी मला स्टुलावर बसवलं आणि अख्खी नाडी उपसून काढली. "सोळा वर्षं पोलीस नवऱ्याचं बूट बांधल्यात मी. पोट सुटल्यालं, वाकाय यायचं न्हाय त्येला." त्यांनी बोटांजवळची पहिली भोकं रिकामी सोडली. पाऊल उंच होतं तिथं नाडीची फुली न घालता दोन्ही बाजूंनी ती सरळ वर नेली. घोट्याजवळ मात्र घट्ट आवळली. "पंजाला मोकळं, टाचंला पक्कं. चाल आता."

चालले. टाच जागची हलेना, बोटं सुटी. मला रडूच फुटलं.

"रडतीस कशाला? बूटच हाय त्यो!"

पण पत्र तर गेलं होतं. रविवारी आबा आले. मी मावशींना विनवलं, "तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी का? पायाचं मी बघितलं. तोंड तुझं हाय न्हवं?" असं म्हणून त्या व्हरांड्यातली कोरडी फरशी पुसत राहिल्या.

आबांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली होती. मी कसंबसं म्हटलं, "आबा, मी येत न्हाय." आबांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

"पाय दुखत्यात म्हणून लिवलतंस की."

"आता न्हाय दुखत."

त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि चहाही न घेता निघून गेले. पुढं वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. ते मला फार लागलं.

सिस्टर झाले तेव्हा पेढे घेऊन उचगावला मावशींच्या घरी गेले. नाडीची गोष्ट काढली, तर म्हणाल्या, "लई पोरींच्या बांधल्या, कुठलं ध्येनात ऱ्हातंय! पर तुझा बाप ध्येनात हाय. जाताना माझ्यापाशी थांबलता. डोळं भरल्यालं. म्हणाला, 'पोरगी तुमच्यावर सोडून चाललोय, बाई. शिकू द्या तिला.'"

"मावशी, मला कधी सांगितलं नाहीत!"

"सांगू नका म्हणालता की त्यो."

आबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.