सहा बाय तीन

गादीच्या दुकानात भिंतीवर एक तक्ता टांगलाय. कुठल्या देशात दोघांना झोपायला किती जागा लागते, ते त्यात इंचांत दिलंय. अमेरिकेतली किंग साइझ इंग्लंडमधल्या किंगपेक्षा चांगली फूटभर रुंद. जर्मनीत म्हणे पलंग एकच, पण गाद्या दोन आणि पांघरुणंही दोन. वाचून मला हसू आलं. संसार मांडताना आपण कुठे माप घेतो? ‘जरा सरका हो’ म्हटलं की जागा होते. मधे तापलेलं लेकरू आलं तरी होते. माणसं टेप काढतात ती वाटणीच्या वेळी.

“सिंगल दाखवा. सहा बाय तीन,” नवरा दुकानदाराला म्हणाला.

“सिंगल कशाला? कोण येणारे राहायला?” मी विचारलं.

“कोणी नाही.” तो त्या तक्त्याकडेच बघत होता. “मला आता एकट्यालाच बरी झोप लागते. मधल्या खोलीत टाकू.”

दुकानदार लगेच चार गाद्या दाखवायला लागला. “बसून बघा ना काकू,” म्हणाला. मी उभीच राहिले.

कालच सकाळी नवऱ्यानं मधल्या खोलीत मापं घेतली होती. “तुझ्या शिवणाला मोठं टेबल करू,” असं म्हणाला होता. सहा बाय तीन. मी खुशीत, टेपचं दुसरं टोक भिंतीला घट्ट धरून बसले होते.