उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्यांच्या वाचा-उपचार केंद्रात. शिक्षण नुकतंच संपवून मी त्यांच्या हाताखाली शिकायला आले होते. ताईंनी समोरच्या मुलाला विचारलं, "चेंडू कुठंय?" आणि त्या गप्प बसल्या. इतक्या गप्प, की मला वाटलं, बाई प्रश्नच विसरल्या! मी पहिल्यापासून बडबडी; मला ती शांतता सोसवेना. बऱ्याच वेळानं मुलानं टेबलाखाली बोट दाखवून "तितं" म्हटलं आणि ताई त्याच्यासोबत चेंडू काढायला खाली वाकल्या.

ही त्यांची पद्धत मला नीट समजली ती करंजा या कोळ्यांच्या गावातल्या एका मुलीमुळे. तिला डाऊन सिंड्रोम होता. शाळेचं वय झालं तरी ती बोलत नव्हती. ताईंनी आधी तिचे कान तपासून घेतले. पडद्यामागे पाणी साठलं होतं, त्यावर कानाच्या डॉक्टरांनी उपचार केले. तरी शब्द फुटेना. मासळी विकणाऱ्या तिच्या आईला मात्र लेकीचं सगळं नजरेवरूनच कळायचं.

"आज मी हाय, बाई," ती म्हणाली. "माज्या मागं हिचं कोनाला समजनार?"

ताई मला घेऊन एसटीनं करंज्याला गेल्या. घरात आई, आजी आणि काकू पोरीला एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारत होत्या आणि उत्तरही त्याच देत होत्या. सारं मायेपोटी. ताई म्हणाल्या, "ऐकलेल्याचा अर्थ लागायला हिला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही दुसरं काही बोललात, की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदाच विचारा आणि थांबा."

"आमी गप बसायचं? कोळ्याच्या घरात?" आजी म्हणाली. ताईंसकट सगळ्या हसल्या.

निघताना आजीनं सुकटीची पुडी दिली. ताई पक्क्या शाकाहारी. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि एसटीत हळूच माझ्या पिशवीत सरकवली. चटणी झकास झाली.

आईचा सकाळचा मासळीचा लिलाव बुडू नये म्हणून ताईंनी त्या मायलेकींची केंद्रातली वेळ कायम दुपारची ठेवली, स्वतःचं जेवण पुढं ढकलून. विचारून झालं की आई तोंडावर पदर दाबून थांबायची. पोरगी नुसती बघत राहायची. महिने गेले. मी मनातून आशा सोडली होती, ताईंनी नाही.

मग एके दिवशी वेळ ठरलेली नसताना आई दारात उभी.

"बाई, पोरीचा कान दुखत व्हता. तिनं शेजारनीला सांगितलं, 'कान दुखतंय.' मी घरी नवते, बाई. मी घरी नवतेच."

ती रडायला लागली. ताईही रडल्या.

ताई, तुम्हाला साठ वर्षं झाली हे आम्हाला अजून खरं वाटत नाही. आता तरी तब्येतीला जपा, वेळेवर जेवा. आपल्या मागं लेकराचं कसं होणार, ही काळजी घेऊन अजून कितीतरी आया पनवेलच्या स्टँडवर उतरताहेत. त्यांच्यासाठी तुम्ही आम्हाला ठणठणीत, शंभरी ओलांडून हव्या आहात.